अडकित्त्याने कापलेला वाख

बोरव्हाण गावात वैशाखात एका सायकलची घंटी जमिनीच्या भेगेत पडली. भेग चार बोटं रुंद होती. घंटी खाली जाता जाता तीनदा वाजली.

*

दोर वळायच्या पडवीत चाकू न्यायचा नाही. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नाही. मोडला मात्र कुणीच नाही.

*

माणसाच्या एका केसाला अर्धं केळं टांगता येतं. केस तुटत नाही.

*

नमुना क्रमांक एक. काळी माती, चार दिवस भिजवलेली. पेललेला भार: चाळीस किलो. हवा होता: सत्तर किलो. निकाल: नापास.

*

गोवरी हातातून पडली तर फुटत नाही.

*

सारजा खंडारे हिचा जन्म ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झाला. ट्रॉली तेव्हा कुठेही जात नव्हती. तिची चाकं मातीत रुतली होती, आणि नदीपलीकडचा दवाखाना समोर दिसत होता.

*

सन दोन हजार एकसष्ट. सारजा आता अकरा वर्षांची झाली होती आणि बोरव्हाणची माती होती तशीच होती.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातली ही काळी माती पिकाला चांगली आणि पायाला वाईट. पाणी प्यायली की ती फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. म्हणून गावातल्या प्रत्येक भिंतीला एक तरी तडा होता. दर पावसाळ्यात नदीकडचा रस्ता चिखलात जायचा. त्यावर खडी टाकली, ती मातीनं गिळली. दोन वर्षांपूर्वी उडत्या रुग्णवाहिकेसाठी काँक्रीटचा तळ (यान उतरायची सपाट जागा) बांधला. खालची माती पावसाळ्यात फुगली, उन्हाळ्यात बसली, आणि तळाचे पापड मोडावा तसे तुकडे झाले.

उडती रुग्णवाहिका तीन टन वजनाची असते आणि चार पायांवर उतरते. मऊ मातीत एक पाय जरी रुतला तरी ती कलते. कललेली रुग्णवाहिका पुन्हा उडत नाही.

यंदा जिल्ह्यानं शेवटची संधी दिली होती. जुलै संपेपर्यंत माती परीक्षेत पास झाली तर तळ बोरव्हाणला मिळणार होता. नाही तर तो नदीपलीकडे अकरा किलोमीटरवर जाणार होता, जिथं जमिनीखाली खडक होता.

हे सगळं सारजाला तोंडपाठ होतं. तिच्या आईला, वनिताला, दिवस गेलेले होते आणि ऑगस्टअखेरची तारीख मिळाली होती. मागच्या खेपेला ट्रॉलीत जे झालं त्यानंतर वनिता महिनाभर अंथरुणाला खिळली होती. या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: बाळंतपण जिल्ह्याच्या रुग्णालयात, दुसरीकडे कुठेही नाही. ती आठवडाभर आधी जाणार होती. पण झड (दिवसेंदिवस न थांबणारा पाऊस) लागली की ती कुणाचे आठवडे बघत नाही.

*

मातीची परीक्षा घ्यायला आलेला यंत्रमानव कमरेएवढा होता. त्याचा एक पाय जाड, लोखंडी आणि सपाट होता. त्या पायानं तो माती ठोकून बसवायचा. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठोक्या ठेवलं. या भागात माणसांना 'जी' लावून बोलतात हे तो शिकून आला होता. कुठे थांबायचं ते मात्र शिकायचं राहिलं होतं.

"सारजाजी, ही माती मुठीत दाबा," तो म्हणाला.

सारजानं दाबली. ओलसर गोळा घट्ट झाला.

"आता दोन्ही हातांनी ओढा."

एका गोळ्याचे दोन झाले. काही कष्ट पडले नाहीत.

"मातीचे कण एकमेकांना टेकलेले असतात, बांधलेले नसतात," ठोक्या म्हणाला. "दाब आला की ते जवळ सरकतात आणि घर्षणानं (घासताना होणाऱ्या अडथळ्यानं) एकमेकांना धरतात. ताण (ओढणारा जोर) आला की धरायला काही नसतं."

"पण रुग्णवाहिका तर वरून दाबेल. ती कुठं ओढणार आहे?"

"भाकरीच्या पिठाचा गोळा वरून दाबला की काय होतं?"

"पसरतो."

"बाजूला. म्हणजे वरून दाब, आणि बाजूला?"

सारजानं हातातल्या दोन गोळ्यांकडे पाहिलं. "ताण."

"म्हणून चाळीस किलोला माती फुटली. ती वरून चिरडली नाही, बाजूनं सुटली. तिला आतून धरून ठेवणारं काहीतरी हवं. तंतू. म्हणजे धाग्यासारखं बारीक आणि चिवट काहीतरी."

पडवीच्या कठड्यावर नत्थूजी खंडारे, म्हणजे सारजाचे आबाजी, बसले होते. एवढा वेळ ते ऐकत नसल्यासारखे ऐकत होते.

"म्या म्हनतो, ते खाली उतरतं कायले?" ते म्हणाले. "वरूनच दोर सोडा म्हना. दोर मी वळून देतो."

"बाळंत होणाऱ्या बाईला दोरानं वर ओढणं सुरक्षित नाही, नत्थूजीजी."

"मंग तंतू म्हन्जे वाख का रे?"

"वाख म्हणजे काय?"

आबाजींनी मिशी पुसली आणि नातीकडे पाहिलं. "याले सगळं येतं म्हनत होती न वं तू?"

*

अंबाडीची भाजी सगळे खातात. पण अंबाडी पुरुषभर वाढू दिली, तिची धाटं कापून डबक्यात पंधरा दिवस भिजत घातली, की सालीचे लांब धागे सुटे होतात. तो वाख. वाखाचे दोर वळणं हे खंडाऱ्यांचं काम. आबाजींच्या आजोबांनी विहिरीच्या मोटेचे नाडे वळले, आबाजींनी बैलांचे कासरे वळले. मग प्लास्टिकच्या दोऱ्या आल्या आणि गिऱ्हाईक गेलं. आबाजी तरी वळत राहिले. प्लास्टिकची दोरी त्यांनी पडवीत कधी येऊ दिली नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून सगळ्यात चांगला वाख काढला. चार हात लांब, उन्हाच्या रंगाचा. नमुन्याचा साचा वीतभर उंच होता. वाख दुमडून दुमडून त्यांनी त्यात बसवला, पण त्याआधी तो फणीनं इतका विंचरला की एकही धागा दुसऱ्यावर चढलेला राहिला नाही. सगळे धागे उभे, सरळ, शेजारी शेजारी. मधून मधून माती.

"खांब उभाच असतो," ते म्हणाले. "अन् दोराचं बळ सरळपनात."

सारजानं माती भरली. ठोक्यानं ठोकली. चार दिवस नमुना पाण्यात राहिला. पाचव्या दिवशी त्यावर भार ठेवला.

*

नमुना क्रमांक दोन. काळी माती, विंचरलेला वाख, उभा लावलेला. पेललेला भार: अडतीस किलो. निकाल: नापास. टीप: साध्या मातीपेक्षा दोन किलो कमी.

*

"टीप लिहायची काही गरज होती का?" सारजा म्हणाली.

"टीप लिहिणं बंधनकारक आहे, सारजाजी."

फुटलेल्या नमुन्याचे दोन भाग आबाजींनी हातात घेतले. तो आडवा तुटला नव्हता. वरपासून खालपर्यंत उभा चिरला होता. दोन्ही भागांत वाख जसाच्या तसा होता, एकही धागा न तुटलेला.

"वाख तुटला नाही," ते शेवटी म्हणाले. "वाखाचा दोष नाही." आणि आत गेले.

जुलैचे अठरा दिवस उरले होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजा गोवऱ्या रचत होती. वनिता बाजेवर बसून सांगत होती. तिला वाकायची मनाई होती, सांगायची नव्हती.

"ती उलटी लाव वं. हवा लागली पाहिजे. नीट, पाडशील."

सारजानं पाडली. गोवरी डोक्याएवढ्या उंचीवरून दगडी ओट्यावर पडली, एकदा उडाली आणि आडवी झाली. कडेचा चतकोर टवका गेला, बाकी गोवरी साबूत होती.

ओट्याखाली वाळलेल्या मातीचं एक ढेकूळ होतं. तेवढंच मोठं, बरंच जड. सारजानं तेही डोक्याएवढ्या उंचीवर नेलं आणि सोडलं.

ढेकळाचा भुगा झाला.

"काय करून राह्यली?" वनिता म्हणाली.

"आई, शेण मातीपेक्षा भक्कम असतं का?"

"नसतं. शेन म्हन्जे काय, नुसतं ओलं गवत चावलेलं."

सारजानं गोवरीचा टवका उचलला. तुटलेल्या कडेतून गवताच्या बारीक काड्या बाहेर आल्या होत्या. काही उभ्या, काही आडव्या, काही तिरप्या. कुणी विंचरलेल्या नव्हत्या.

ती गोवरी घेऊन थेट ठोक्याकडे गेली. ठोक्यानं ती प्रकाशात धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

"नमुन्याचा निर्माता कोण?"

"कपिला. आमची गाय."

"कपिलाजींनी तंतूंची लांबी तीन ते वीस मिलिमीटर ठेवली आहे," ठोक्या म्हणाला. "दिशा: ठराविक नाही. मिसळण: अतिशय एकसारखी. हे काम चांगलं आहे."

*

आता एक तंतू घेऊ. अर्ध्या बोटाएवढा. तो मातीत आहे, आणि त्याला काही काम नाही. आजूबाजूला मातीचे कण दाटीनं बसलेत. ठोक्यानं ठोकून त्यांना त्याच्या अंगाशी दाबलं आहे.

वरून भार येतो. कण बाजूला सरकू पाहतात. कुठेतरी एक भेग उघडायला लागते. अजून ती केसाएवढीही नाही. योगायोगानं ती याच तंतूच्या मधोमध आली आहे. तंतूचं एक टोक भेगेच्या अलीकडे, दुसरं पलीकडे.

भेगेला रुंद व्हायचं असेल तर तंतूचं एक तरी टोक मातीतून उपसून काढावं लागेल. पण ते टोक शेकडो कणांनी आवळून धरलं आहे. तंतू खरखरीत आहे. तो निघत नाही. तो ताणला जातो, आणि ताण सोसणं हेच तर त्याला येतं. मातीला जे येत नाही ते तंतूला येतं, आणि तंतूला उभं राहायला जागा माती देते.

भेग तिथं थांबते. दुसरीकडे उघडू पाहते. तिथं दुसरा तंतू आहे.

भेग कुठल्या बाजूनं येईल हे आधी कुणालाच माहीत नसतं. कबड्डीत चढाई करणारा कुठल्या अंगानं घुसेल ते कळत नाही, म्हणून गडी सगळ्या बाजूंनी उभे राहतात, एका रांगेत नाही. आबाजींचे धागे एका रांगेत उभे होते. दोन रांगांमध्ये मातीचा सरळ पट्टा राहिला होता, आणि भेग त्याच पट्ट्यातून वरपासून खालपर्यंत पळत गेली. तिच्या वाटेत आडवा कुणीच नव्हता. लाकूड उभं फोडायला सोपं असतं, तेही याच कारणानं.

मातीत असे तंतू मिसळून तिला बळ देण्याला तंतू-प्रबलन म्हणतात. शब्द अवघड आहे. कपिलाला तो माहीत नव्हता.

*

"तोडायचा?" आबाजी म्हणाले.

"अर्ध्या बोटाएवढे तुकडे," सारजा म्हणाली. "सगळीकडे तोंड करून."

"पोरी, माह्या बापानं मले पह्यली गोष्ट शिकवली ते ही. वाख तोडला की मेला. लांब हाय तवरच तो वाख, नाही तर कचरा. म्हनून तर पडवीत चाकू येत नाही."

"कपिला तोडते."

"कपिला दोर वळत नाही."

"आबाजी, आपणही आता दोर नाही वळून राह्यलो, तळ बांधून राह्यलो."

आबाजींच्या मांडीवर वाखाची जुडी होती. त्यांनी ती उगाचच सरळ केली. ती आधीच सरळ होती.

आतून वनितानं सासऱ्यांना हाक मारली. "मामाजी."

"बोल बाई."

"नियम चाकूचा हाय. अडकित्त्याचं कोनी काही म्हनलं नाही."

मग आबाजींनी कमरेची चंची सोडली. आतून सुपारी बाजूला काढली, अडकित्ता हातात घेतला, जुडीचं टोक त्याच्या पात्यात धरलं आणि डोळे मिटून दाबलं. कट् असा आवाज झाला. सुपारी कातरताना होतो तसाच.

"तुही आई वकील व्हायले पाह्यजे होती," ते सारजाला म्हणाले.

*

नमुना क्रमांक तीन सारजानं स्वतः बनवला. दोन किलो मातीत ठोक्यानं सांगितलेला वाख होता दहा ग्रॅम, म्हणजे एक मूठ. शंभर किलो मातीला अर्धा किलो. सारजाला ते फार थोडं वाटलं. एका मुठीनं माती धरली जाते तर चार मुठींनी किती धरली जाईल, असा तिनं हिशेब केला आणि चार मुठी घातल्या.

पेललेला भार: त्रेचाळीस किलो. निकाल: नापास.

फुटलेल्या नमुन्यात वाखाचे लिंबाएवढे गोळे निघाले. गोळ्याच्या आत माती नव्हती. तंतूला तंतूच लागला होता, आणि तंतू तंतूला धरत नाही. त्याला धरायला मातीच लागते.

"अंबाडीच्या भाजीत कण्या घालायच्या विसरल्या की अशीच होते," वनिता म्हणाली. "नुसते दोरे."

चौथ्या वेळी एक मूठ. आणि एकदम ओतायची नाही. सारजानं तुकडे बोटांनी पिंजून मोकळे केले, ओलसर माती परातीत पसरली आणि पेरणीसारखी चिमूट चिमूट टाकत गेली. वाख, माती, पुन्हा वाख. आबाजी कातरत होते. त्यांचे डोळे आता उघडे होते.

पेललेला भार: त्रेसष्ट किलो.

सात किलो कमी.

*

जुलैचे नऊ दिवस उरले होते. भिजत घालायचे दिवस धरले तर आता एकच नमुना होण्यासारखा होता.

"दोन अडचणी आहेत," ठोक्या म्हणाला. "एक, या मातीला तहान फार. तंतू तिला धरतात, पण तिचं फुगणं थांबवत नाहीत. त्यासाठी थोडा चुना लागेल. तो मुरायला पाच दिवस, मग चार दिवस पाण्यात. बरोबर नऊ."

"अन् दुसरी?"

"नत्थूजीजी, वाख कुजतो. ओल्या मातीत दोन-तीन पावसाळे टिकेल. मग तळ पुन्हा साध्या मातीचा होईल."

"बाभयीच्या सालीच्या काढ्यात ठेवला तर नाही कुजत लवकर," आबाजी म्हणाले. "माहा आजा मोटेचा नाडा असाच ठेवायचा. साल उकयायची, पानी लाल झालं की दोर बुडवायचा. दिवसभर विहिरीत राह्यचा तो नाडा."

"माझ्या नोंदींत हे या गावासाठी नाही."

"तुह्या नोंदीत आमची विहीर हाय का?"

ठोक्यानं नोंदी पुन्हा चाळल्या. "नाही. सालीतला तुरट अंश कुजवणाऱ्या जीवाणूंना (डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांना) दूर ठेवतो. कारण पटण्यासारखं आहे. पण तरीही तो कायमचा टिकणार नाही. सोबत कृत्रिम तंतू (कारखान्यात तयार केलेले धागे) हवेत. खताच्या जुन्या प्लास्टिकच्या पोत्यांचे चालतील."

सारजानं आबाजींकडे पाहिलंच नाही.

"प्लास्टिक चांगलं हाय, तर मंग सगळं प्लास्टिकच टाका न," आबाजी म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "वाख कायले पाह्यजे?"

"प्लास्टिक गुळगुळीत असतं, नत्थूजीजी. माती त्याला तुमच्या वाखाइतकं घट्ट धरत नाही. वाखाची पकड चांगली, आयुष्य कमी. प्लास्टिकचं आयुष्य मोठं, पकड कमी. मी दोघांना मिसळायला सांगतो आहे. दोन भाग वाख, एक भाग पोतं. आणि वर वाखाच्याच मातीचा थर, म्हणजे प्लास्टिक उघडं पडून शेतात जाणार नाही."

आबाजी उठले. त्यांनी अडकित्ता चंचीत ठेवला. ते निघून जातील असं सारजाला वाटलं. ते पायरी उतरून अंगणात गेले, पाण्याच्या टाकीवर झाकलेलं खताचं रिकामं पोतं ओढून काढलं, आणि पडवीची पायरी ओलांडून ते आत आणलं. त्या पडवीत प्लास्टिक पहिल्यांदाच आलं.

"हे अडकित्त्यानं नाही कापनार मी," ते म्हणाले. "याले चाकू लाव."

"पडवीत?"

"बाहीर जाऊन लाव."

*

नमुना क्रमांक पाच. काळी माती. चुना. बाभळीच्या काढ्यातला वाख दोन भाग, पोत्याचे तंतू एक भाग. तंतू मिळून एक मूठ. जुलैची एकतीस तारीख.

साठ किलोला नमुन्यावर एक बारीक भेग दिसली. पासष्टला भेग तेवढीच होती. सत्तरला नमुना थोडा बुटका झाला आणि मधोमध फुगला. ठोक्या भार वाढवत राहिला. शहात्तरला त्यानं हात थांबवला.

"फुटला का?" सारजा म्हणाली.

"नाही. पोट सुटलं आहे," ठोक्या म्हणाला. "साधी माती अचानक फुटते. ही हळूहळू वाकते आणि आधी सूचना देते. निकाल: पास. टीप: हा नमुना गावातल्या एका वृद्ध गृहस्थांच्या, एका मुलीच्या, तिच्या आईच्या आणि एका गाईच्या मदतीने तयार झाला."

"टीप बंधनकारक होती का?"

"नव्हती, सारजाजी."

*

तळ नऊ मीटर लांब, नऊ मीटर रुंद आणि हातभर खोल होता. माती एकोणपन्नास टन. तंतू साधारण दोनशे पंचेचाळीस किलो. एवढं अडकित्त्यानं होत नाही. सरपंचांच्या गोठ्यातली कडबाकुट्टी (गुरांचा चारा बारीक करायचं यंत्र) आणली. पहिली जुडी यंत्रात गेली तेव्हा आबाजी पाठ करून उभे होते. दुसऱ्या जुडीपासून ते स्वतः लावायला लागले, कारण सरपंचांचा मुलगा वाकडी लावत होता.

पावसानं सहा दिवस उघाड दिली. बायका पेरणीची ओटी बांधून आल्या आणि चिमूट चिमूट वाख पेरत तळावरून चालल्या. चार-चार बोटांचा थर टाकायचा, ठोक्यानं ठोकायचा, मग पुढचा थर. वनिता बाजेवर बसून सांगत होती. शेवटच्या थरावर ताडपत्री पडली. मग चुना मुरायला सोडून दिला.

ऑगस्टच्या सोळा तारखेला झड लागली.

सतरा. अठरा. एकोणीस. नदीकडचा रस्ता होता तिथं आता एक लांब काळं डबकं होतं. सारजाचे वडील नदीपलीकडच्या सौरशेतावर (सूर्यप्रकाशापासून वीज बनवणाऱ्या जागी) अडकले होते. वनिताची तारीख नऊ दिवसांवर होती. वीस तारखेला सकाळी चूल पेटवता पेटवता ती खाली बसली आणि म्हणाली, "सारजे, आबाजींले बोलाव. अन् त्या तुह्या ठोक्याले सांग, कळव म्हना."

रुग्णवाहिकेला सव्वीस मिनिटं लागली.

ती ढगातून खाली आली तेव्हा गाव वर पाहत होतं. आबाजी पाहत नव्हते. घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन ते तळाच्या कडेला उकिडवे बसले होते आणि जमिनीकडे बघत होते. चारी पाय एकदम टेकले. सारजा त्यांतल्या जवळच्या पायाकडे पाहत होती. तो थोडा बसला. अजून थोडा. मग थांबला.

आत कुठेतरी, कधीच न दिसणाऱ्या जागी, अर्ध्या बोटाएवढे लाखो तुकडे एकाच वेळी ताणले गेले असतील.

वनिताला स्ट्रेचरवर घेतलं. पायलटबाईंनी सारजाला विचारलं, "कोण येणार सोबत?" सारजानं आबाजींकडे पाहिलं. आबाजी म्हणाले, "तू जा. मले याले पाह्यचं हाय." ते जमिनीबद्दल बोलत होते. निदान तसं म्हणाले तरी.

दार लागायच्या आधी वनितानं मान वळवली. "मामाजी, गोवऱ्या झाका."

*

रुग्णवाहिका गेल्यावर ठोक्यानं चारही पायांच्या खुणा मोजल्या. सगळ्यात खोल खूण सहा मिलिमीटर होती. आबाजींनी त्या खुणेत बोट घातलं. नखही पूर्ण बुडालं नाही.

"नत्थूजीजी, मला पुढच्या गावाचा हुकूम आला आहे," ठोक्या म्हणाला. "तिथे अंबाडी नाही. नारळाचा काथ्या आहे."

"काथ्या चालतो," आबाजी म्हणाले. "खरखरीत असतो. तोडायला लाजू नका म्हना त्यायले."

"आणि तुमची बाभळीची नोंद मी सगळ्या यंत्रांना पाठवली आहे. विहिरीसकट."

आबाजींनी घोंगडी झटकली. "चंद्रावर बी तळ बांधनार हाय म्हनते सारजा. तिथं कसं करसान? तिथं गाय नाही."

"तिथली माती कोरडी आणि भुसभुशीत आहे. तंतू पृथ्वीवरून न्यावे लागतील, किंवा तिथल्याच खडकाच्या वितळलेल्या रसातून ओढावे लागतील. कापायचं कसं आणि मिसळायचं कसं, ते आपल्याला आता ठाऊक आहे."

*

एकोणीस वर्षांनी चंद्रावरच्या एका तळाच्या बांधकामावर सारजा खंडारे नावाच्या अभियंता बाईंनी सामानाच्या यादीत एक अडकित्ता लिहिला. तपासणाऱ्या यंत्रानं कारण विचारलं. त्यांनी लिहिलं: पहिला तंतू हातानं कापायचा आहे. यादी मंजूर झाली.

*

सारजाचा भाऊ वीस ऑगस्ट दोन हजार एकसष्ट रोजी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी जिल्ह्याच्या रुग्णालयात जन्मला. त्याचं वजन दोन किलो नऊशे ग्रॅम होतं.